जुनी स्पोर्ट्स कार्डं: ग्रेडिंग कधी करावं, कसं पाठवावं आणि ऑनलाइन कसं विकावं

खेळाडूंची चित्रं असलेल्या जुन्या बेसबॉल, बास्केटबॉल किंवा हॉकी कार्डांचा खोका हाती आला की दोन टोकाच्या चुका होतात. काही जण सगळा खोका कुणातरी ओळखीच्या दुकानदाराला एकरकमी देऊन टाकतात. काही जण सगळीच कार्डं ग्रेडिंगला (कंपनी कार्डाचा अस्सलपणा आणि अवस्था तपासून १ ते १० मधला ग्रेड देते) पाठवतात आणि शेवटी ग्रेडिंगचा खर्च कार्डांच्या किमतीहून जास्त निघतो. या दोन्हींच्या मधला रस्ता लांबचा आहे, पण अवघड नाही. बहुतेक पैसा तुमच्या टेबलावर, भिंगाखाली ठरतो. ग्रेडिंग कंपनी तुम्ही जे नीट पाहिलंय त्यावर शिक्का मारते, आणि जे पाहायचं राहिलं ते दाखवून देते.

आधी एक व्याख्या. या छंदात ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारणपणे १९८० आणि त्याआधीची कार्डं. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात उतरल्या, टॉप्स या कंपनीची मक्तेदारी संपली आणि छपाई वाढत गेली. १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९९० च्या दशकाची सुरुवात या काळातली कार्डं इतकी छापली गेली की त्यांतली बरीच आजही पाकिटांसकट पडून आहेत. खोक्यात तीच असतील तर पुढचा बराचसा खटाटोप तुमच्यासाठी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कार्डांना ‘प्री-वॉर’ म्हणतात. त्यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते ओघात येतील.

१. हात लावण्याआधी

एवढं साहित्य जवळ हवं:

– १०x भिंग (ज्वेलर्स वापरतात तसं लूप)
– मिलिमीटरच्या खुणा असलेली पारदर्शक पट्टी
– छोटा यूव्ही टॉर्च
– मान वळणारा टेबल लॅम्प
– पातळ प्लॅस्टिकचे पेनी स्लीव्ह
– कार्ड सेव्हर १ प्रकारचे अर्धलवचिक होल्डर
– विक्रीसाठी वेगळे, कडक टॉपलोडर
– काळा, गुळगुळीत कागद किंवा कापड

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे घालू नका. त्यांचे धागे कोपऱ्यांत अडकतात आणि पकडीचा अंदाजही येत नाही. कार्ड नेहमी कडांनी धरा.

कार्डं काढतानाच सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुन्या पीव्हीसी अल्बमची पानं चिकट झालेली असतात. त्यांतून कार्ड ओढू नका, कार्डापासून दूर असलेल्या बाजूनं कात्रीनं खिसा कापून उघडा. रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यांत पहिल्या-शेवटच्या कार्डांच्या कडांना खाच पडलेली असते, आणि जुना रबर वितळून चिकटलेला असू शकतो. चार स्क्रूंच्या जाड प्लॅस्टिक होल्डरमधली कार्डं विशेष सांभाळून काढा. त्या होल्डरनी वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यानं कार्ड पसरट होतं, आणि ग्रेडिंग कंपनी त्याला ‘बदललेलं कार्ड’ ठरवू शकते. कधी कधी कार्डाची चकाकी प्लॅस्टिकला चिकटलेली असते. म्हणून स्क्रू काढल्यावर वरचा भाग झटक्यात उचलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काहीही साफ करू नका. खोडरबर, ओलं कापड, पुस्तकाखाली दाबून सरळ करणं, पेननं कडेला रंग भरणं, यातलं काहीही नाही. वहीत चिकटवलेलं कार्ड असेल तर ते वहीच्या पानासकट ठेवा. अनुभवी लोक प्री-वॉर कार्डं पाण्यात भिजवून सोडवतात हे खरं, पण नवख्या माणसाच्या हातून शाई आणि वरचा थर दोन्ही जातात.

२. यादी

प्रत्येक कार्डाचं वर्ष, कंपनी, मागच्या बाजूचा क्रमांक आणि खेळाडूचं नाव लिहा. मागच्या बाजूला कॉपीराइटचं वर्ष छापलेलं असलं तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नका. बऱ्याच जुन्या कार्डांवर वर्षच नसतं, आणि आकडेवारीच्या तक्त्यातलं शेवटचं वर्ष हे साधारण कार्डाच्या आदल्या वर्षाचं असतं.

एकाच कार्डाच्या दोन आवृत्त्या असू शकतात आणि किमतीत मोठा फरक पडतो. १९६९ च्या टॉप्समध्ये मिकी मँटलचं ५०० क्रमांकाचं कार्ड पिवळ्या आणि पांढऱ्या अक्षरांत मिळतं. पांढऱ्या अक्षरांचं दुर्मिळ आहे. १९०९ ते १९११ दरम्यान सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी-२०६ संचात तर मागच्या बाजूची जाहिरातच किंमत ठरवते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या जाहिराती सगळ्यात जास्त दिसतात. ड्रम किंवा उझिटसारखी जाहिरात असेल तर साध्या खेळाडूचं कार्डही वेगळ्या रांगेत जातं. त्यामुळे टी-२०६ ची यादी करताना पुढची बाजू पाहण्याआधी मागची पाहा.

यादी झाली की तीन गठ्ठे करा: मोठे खेळाडू आणि त्यांची रुकी कार्डं (खेळाडूचं सुरुवातीचं, पहिलं कार्ड), ओळखीचे पण मधले खेळाडू, आणि बाकी सामान्य कार्डं. पहिल्या गठ्ठ्यात काय जातं याचा अंदाज यावा म्हणून (कंसात कार्डाचा क्रमांक): १९५१ बोमनमधले मँटल (२५३) आणि विली मेज (३०५), १९५४ टॉप्समधला हँक एरन (१२८), १९५५ टॉप्समधले सँडी कोफॅक्स (१२३) आणि रॉबर्टो क्लेमेंटे (१६४), १९५७ टॉप्स बास्केटबॉलमधला बिल रसेल (७७), १९६१ फ्लीअरमधला विल्ट चेंबरलेन (८), १९७९ ओ-पी-चीमधला वेन ग्रेट्झ्की (१८).

३. खरं आहे का?

महागडं कार्ड जितकं प्रसिद्ध, तितक्या त्याच्या नकला जास्त. त्यांतल्या काही फसवणुकीसाठी केलेल्या असतात, काही अधिकृत पुनर्मुद्रणं असतात. टॉप्सनं १९८३ मध्ये आपलाच १९५२ चा संच पुन्हा छापला. पण तो नेहमीच्या आकारात आहे. मूळ १९५२ चं कार्ड सुमारे ६६.७ × ९५.३ मिमी, पुनर्मुद्रण ६३.५ × ८८.९ मिमी. म्हणजे पट्टी लावली की प्रश्न सुटला. म्हणून पहिली तपासणी मापाची:

– टी-२०६: सुमारे ३६.५ × ६६.७ मिमी
– १९३३ गाउडी: सुमारे ६०.३ × ७३ मिमी
– १९५२ ते १९५६ टॉप्स बेसबॉल: सुमारे ६६.७ × ९५.३ मिमी
– १९५७ पासून टॉप्स बेसबॉल: ६३.५ × ८८.९ मिमी, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंच

दुसरी तपासणी भिंगाखाली. जुन्या छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांनी बनलेलं असतं, पण नाव, काळ्या रेषा आणि चौकट हे सहसा सलग शाईत छापलेलं असतं. कुणी मूळ कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलं की अक्षरंही ठिपक्यांची होतात, त्यांच्या कडा धूसर दिसतात. खेळाडूच्या नावाच्या अक्षरांवर भिंग ठेवा. बहुतेक घरगुती नकला इथेच पकडल्या जातात.

तिसरी यूव्ही टॉर्चची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं १९५० च्या आधीच्या कागदात नसायची. अंधाऱ्या खोलीत १९३३ चं म्हणवणारं कार्ड निळसर-पांढरं चमकलं तर ते १९३३ चं नाही. उलट मात्र खरं नाही: कार्ड चमकलं नाही एवढ्यावरून ते अस्सल ठरत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे त्याच संचातलं एक सामान्य खेळाडूचं कार्ड. जाडी, मागच्या पुठ्ठ्याचा रंग, चकाकी, शाईचा पोत हे सगळं शेजारी ठेवून पाहा. मँटलचा पुठ्ठा आणि त्याच वर्षाच्या साध्या खेळाडूचा पुठ्ठा सहसा वेगळा नसतो.

४. अवस्था तपासणं

हा टप्पा सावकाश करा. एका कार्डाला पाच मिनिटं द्या.

सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मध्यभागी छापलंय. डाव्या आणि उजव्या पांढऱ्या पट्टीची रुंदी मोजा. समजा डावी ३ मिमी आणि उजवी २ मिमी. एकूण ५, त्यातले ३ म्हणजे ६० टक्के. सेंटरिंग ६०/४०. वर-खाली तसंच मोजा आणि दोन्हींतलं वाईट धरा. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या कसोटीत पुढच्या बाजूसाठी ढोबळमानानं ९ ला ६०/४०, ८ ला ६५/३५, ७ ला ७०/३० आणि ६ ला ८०/२० पर्यंत चालतं. मागच्या बाजूला बरीच सूट असते.

कोपरे. भिंगाखाली कोपऱ्याचे थर सुटलेत का, टोक गोल झालंय का, तंतू दिसतायत का ते पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी झीज ठळक दिसते. काळ्या चौकटीचा १९७१ टॉप्स संच याच कारणानं कठीण आहे. जरा कड घासली की पांढरं दिसतं.

पृष्ठभाग. दिवा बाजूला घेऊन कार्ड तिरकं धरा आणि हळूहळू फिरवा, दोन्ही बाजूंनी. समोरून न दिसणारी बारीक सुरकुती अशाच उजेडात दिसते. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवते ती हीच: कार्ड सातचं वाटतं, परत येतं चार होऊन. शाई फुटलेली घडी असेल तर तीन किंवा त्याखालीच समजा. पाकिटाच्या मेणाचे डाग, च्युइंगमचा डाग, पेन्सिलीची खूण, मागच्या बाजूला उडालेला कागद, सगळं टिपून ठेवा.

कडा. इथे कापलेल्या कार्डांचा प्रश्न येतो, आणि तो गंभीर आहे. झिजलेले कोपरे लपवायला कुणीतरी कधीतरी कड कापलेली असू शकते, अगदी तुमच्या घरातल्या खोक्यातही. कार्ड त्याच संचातल्या दुसऱ्यावर ठेवून आकार जुळवा. मग भिंगाखाली कड पाहा. जुन्या कडा एकसारख्या काळवंडलेल्या, किंचित मऊ असतात. ताजी कापलेली कड पांढरी, धारदार, कधी किंचित लहरी दिसते. चार कोपरे टोकदार पण पृष्ठभाग थकलेला, हे जुळत नाही. त्याच वेळी प्रत्येक खडबडीत कड म्हणजे दोष नव्हे. ओ-पी-चीची जुनी हॉकी कार्डं कारखान्यातूनच खडबडीत कापलेली यायची. १९७९ च्या ग्रेट्झ्कीची कड गुळगुळीत दिसली तर उलट जास्त सावध व्हायचं.

कापलेली कार्डं तज्ज्ञांनाही चकवतात. पीएसएनं १९९१ मध्ये ग्रेड केलेलं पहिलं कार्ड टी-२०६ चा होनस वॅगनर होतं, त्याला ८ मिळाले होते. ते आधी विकलेल्या लिलावकर्त्यानं त्याच्या कडा कापल्याची कबुली २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल न्यायालयात दिली.

५. ग्रेडिंगचा हिशोब

आता प्रत्येक कार्डापुढे तुमच्या मते येणारा ग्रेड लिहा आणि त्यातून एक वजा करा. आपल्या कार्डाकडे आपण प्रेमानं पाहतो, ग्रेडर तसं पाहत नाही.

किंमत पाहताना मागितलेली किंमत पाहू नका. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ची गाळणी लावा, त्याच ग्रेडचे गेल्या तीन महिन्यांतले व्यवहार दिसतात. ‘बेस्ट ऑफर’नं विकलेल्या कार्डाची तिथली खोडलेली किंमत ही खरी विक्रीची नसते. १३० पॉइंटसारख्या साइटवर प्रत्यक्ष मान्य झालेली रक्कम सापडते. पाच-सहा व्यवहार घ्या, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा.

मग आकडेमोड. समजा एखादं कार्ड ग्रेड न करता ८० डॉलरला जातं. ५ ग्रेडला १४०, ४ ग्रेडला ९५. ग्रेडिंगचं शुल्क आणि दोन्ही बाजूंच्या टपालातला वाटा मिळून ४० डॉलर. साइटचं कमिशन १३ टक्के धरा. ग्रेड न करता हातात ७० पडतात. ५ मिळाले तर १४० वजा १८ वजा ४०, म्हणजे ८२. ४ मिळाले तर ९५ वजा १२ वजा ४०, म्हणजे ४३. अंदाज बरोबर आला तर १२ डॉलरचा फायदा, एका ग्रेडनं चुकला तर २७ चा तोटा, आणि वर कित्येक आठवड्यांची वाट. हे कार्ड पाठवू नये.

नवख्यांना वाटतं की ९-१० मिळाले तरच ग्रेडिंगला अर्थ. आधुनिक कार्डांबाबत ते बरंचसं खरं आहे, जुन्यांबाबत अजिबात नाही. मोठ्या खेळाडूचं १ किंवा २ ग्रेडचं अस्सल कार्डही स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीची सीलबंद प्लॅस्टिक डबी) असेल तर ग्राहकाची अस्सलपणाची शंका मिटते. मँटल, मेज, क्लेमेंटे, प्री-वॉरमधला बेब रूथ किंवा टाय कॉब, ही कार्डं जवळपास कोणत्याही अवस्थेत ग्रेड करण्याजोगी. सामान्य खेळाडूंची मात्र फक्त अतिशय उत्तम अवस्थेतली, आणि तीही पीएसएच्या पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या कार्डाला कोणता ग्रेड किती वेळा दिला याची नोंद) त्या ग्रेडचे आकडे कमी असतील तरच.

६. कोणाकडे पाठवायचं

पीएसए (१९९१ पासून) ही सगळ्यात मोठी. जुन्या अमेरिकी कार्डांना तिच्या स्लॅबमध्ये सहसा सर्वाधिक ग्राहक मिळतात. एसजीसी (१९९८ पासून) प्री-वॉर संग्राहकांची लाडकी. तिची काळी चौकट जुन्या कार्डांना शोभते, आणि जलद काम हवं असेल तर ती पाहण्याजोगी. २०२४ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीनं ती विकत घेतली, पण स्लॅब आणि नाव वेगळंच आहे. बेकेट सेंटरिंग, कोपरे, कडा, पृष्ठभाग असे चार उपगुण देण्यासाठी ओळखली जाते, तिचा जोर आधुनिक कार्डांवर जास्त.

या तिघांबाहेरच्या अनोळखी कंपनीचं शुल्क कमी दिसलं तरी तिथे जाऊ नका. ग्राहक तो ग्रेड मानत नाही. खोक्यात तसं एखादं स्लॅब आधीच असेल तर ते ग्रेड नसलेलंच कार्ड समजून मोजा.

७. अर्ज आणि पाठवणी

लागणाऱ्या गोष्टी: कंपनीच्या साइटवरचं खातं, ओळख आणि पत्त्याची माहिती, पैसे भरायचं कार्ड, प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, आणि अर्जाची छापील प्रत.

अर्जात प्रत्येक कार्डाची ‘डिक्लेअर्ड व्हॅल्यू’ भरावी लागते. ही ग्रेड झाल्यानंतरची अंदाजे किंमत. तीवर सेवेचा स्तर आणि परतीचा विमा दोन्ही ठरतात. शुल्क वाचवायला ती मुद्दाम कमी लिहिली तर दोन गोष्टी होतात: कार्ड हरवलं तर तेवढीच भरपाई, आणि ग्रेड चांगला आला तर कंपनी वरच्या स्तराचं शुल्क लावते. अंदाज पाचव्या टप्प्यातल्या आकड्यांवरून भरा.

बांधणी अशी:

क) कार्ड पेनी स्लीव्हमध्ये, मग अर्धलवचिक होल्डरमध्ये. टॉपलोडरमध्ये पाठवू नका, ग्रेडरला त्यातून कार्ड काढणं कठीण जातं.
ख) स्लीव्हच्या वरच्या टोकाला कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा ओढायला ठेवा. होल्डरच्या तोंडावर टेप लावू नका.
ग) अर्जातल्या क्रमानंच कार्डं रचा. क्रम चुकला की उशीर होतो.
घ) गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना गठ्ठ्याहून थोडा मोठा पुठ्ठा. त्यावरून रबरबँड, घट्ट नाही, हलणार नाही इतपतच.
च) बबल रॅप, मग खोका. हलवून पाहा, आवाज आला तर अजून कागद भरा.

मोठ्या जुन्या कार्डांना, म्हणजे १९५२ ते १९५६ च्या टॉप्सला, स्लीव्ह मोठा लागतो. नेहमीच्या स्लीव्हमध्ये कोंबताना कोपरे जातात. टी-२०६ सारखी छोटी कार्डं उलट मोठ्या स्लीव्हमध्ये सरकत राहतात, त्यांना त्यांच्याच आकाराचे घ्या.

विम्यासह, ट्रॅकिंगसह पाठवा. अमेरिकेत मौल्यवान पार्सलसाठी टपाल खात्याची रजिस्टर्ड मेल ही सावकाश पण सर्वांत सुरक्षित, तिचा विमा ५०,००० डॉलरपर्यंत मिळतो. खासगी कुरिअर कंपन्या संग्राह्य वस्तूंच्या भरपाईवर वेगळी, कमी मर्यादा ठेवतात. जास्त रक्कम भरून उपयोग होत नाही, म्हणून त्यांचे नियम आधी वाचा. अमेरिकेबाहेरून पाठवताना कस्टम्सच्या कागदावर खरी किंमत आणि ‘सेवेनंतर परत येणार’ हे स्पष्ट लिहा, आणि त्या प्रती जपा. परत येताना तुमच्याच वस्तूवर शुल्क मागितलं गेलं तर त्या लागतात.

८. निकाल वाचणं

नुसता आकडा आला तर प्रश्न नाही. आकड्यापुढे अक्षरं आली तर त्यांचा अर्थ असा: ओसी म्हणजे सेंटरिंग बिघडलेलं, एमके म्हणजे खूण केलेली, एसटी म्हणजे डाग, पीडी म्हणजे छपाईतला दोष, एमसी म्हणजे चुकीची कापणी. बाजार अशा कार्डाला ढोबळमानानं दोन ग्रेड खाली धरतो. ८ ओसी म्हणजे साधारण ६ ची किंमत.

‘ऑथेंटिक’ म्हणजे अस्सल, पण आकडा नाही. ‘ऑल्टर्ड’ असेल तर त्यात कुणीतरी बदल केलाय. पीएसएच्या एन-१ या संकेताचा अर्थ कड कापल्याचा पुरावा, एन-६ चा अर्थ कार्ड किमान आकाराहून लहान. निकाल पटला नाही म्हणून तेच कार्ड स्लॅब फोडून पुन्हा पुन्हा पाठवण्याच्या मागे लागू नका. एखादी सुरकुती तुमच्या नजरेतून सुटली असण्याची शक्यता ग्रेडर चुकल्याच्या शक्यतेपेक्षा बरीच जास्त आहे.

९. कुठे विकायचं

ईबेवर सगळ्यात जास्त ग्राहक आहेत. कमिशन तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि ते टपालखर्च व विक्रीकर धरून झालेल्या एकूण रकमेवर लागतं. हे विसरलं की हिशोब चुकतो.

कार्ड खरंच मोठं असेल तर लिलावगृह. हेरिटेज, आरईए, गोल्डिन ही ओळखीची नावं. १९५२ च्या टॉप्स मँटलचं एसजीसी ९.५ ग्रेडचं कार्ड हेरिटेजनं ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला विकलं. लिलावगृह ग्राहकाकडून बोलीवर घेतं ती जादा रक्कम (प्रीमियम) वेगळी असते, त्यामुळे विक्रेत्याचं कमिशन घासाघीस करून कमी होतं. चांगल्या कार्डांना ते शून्यापर्यंतही येतं. विचारायला संकोच करू नका. करारात या गोष्टी लेखी हव्यात: कमिशन, राखीव किंमत, विमा कोणाचा, फोटोचा खर्च, पैसे किती दिवसांत, आणि कार्ड न विकलं गेल्यास परतीचा खर्च कोणाचा.

समाजमाध्यमांवरच्या गटांत कमिशन वाचतं, पण संरक्षणही जातं. तिथे फक्त जुना व्यवहार-इतिहास दिसणाऱ्या माणसाशी व्यवहार करा.

१०. जाहिरात लिहिणं

ईबेच्या शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे. क्रम असा ठेवा: वर्ष, कंपनी, खेळाडू, क्रमांक, रुकी असल्यास तसं, ग्रेडिंग कंपनी, ग्रेड. ‘अप्रतिम’, ‘दुर्मिळ’ असल्या विशेषणांना कुणी शोधत नाही, तिथे कार्डाचा क्रमांक घाला.

फोटोपेक्षा स्कॅन चांगला, पण स्कॅनर पाहून घ्या. स्वस्त, पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो, तो काचेला चिकटलेलीच वस्तू स्पष्ट दाखवतो. स्लॅबमधलं कार्ड काचेपासून थोडं वर असल्यानं धूसर येतं. सीसीडी सेन्सरच्या स्कॅनरमध्ये ते स्पष्ट येतं. ६०० डीपीआय पुरे. रंग सुधारणारी सगळी सेटिंग्ज बंद करा. चकचकीत स्कॅन पाहून घेतलेलं कार्ड परत येतं.

ग्रेड नसलेल्या कार्डाच्या वर्णनात ग्रेडचा आकडा लिहू नका. दोष लिहा: ‘वरच्या उजव्या कोपऱ्यात पाऊण इंचाची सुरकुती, मागे पेन्सिलीची खूण’. जुन्या कार्डाचा ग्राहक दोषाला घाबरत नाही, न सांगितलेल्या दोषाला घाबरतो. आणि त्याच ग्रेडमध्ये दिसण्यानं फरक पडतो. नीट मध्यभागी छापलेलं, रंग उजळ असलेलं ३ ग्रेडचं कार्ड तिरप्या छपाईच्या ४ ग्रेडपेक्षा जास्त देऊन जातं. तुमचं तसं असेल तर किंमत त्याप्रमाणे ठेवा.

नेहमी विकलं जाणारं कार्ड लिलावाला लावा, सात किंवा दहा दिवस, शेवट अमेरिकेतल्या रविवार संध्याकाळी. वर्षातून एकदाच बाजारात येणारं कार्ड ठरलेल्या किमतीला, ऑफर स्वीकारण्याच्या सोयीसह. अशा कार्डाचा लिलाव चुकीच्या आठवड्यात एकाच बोलीवर संपू शकतो.

११. पाठवणी आणि फसवणूक

पैसे साइटच्या बाहेर देतो म्हणणारा, जास्त पैसे पाठवून फरक परत मागणारा, विक्रीनंतर पत्ता बदलायला सांगणारा, तिघांनाही एकच उत्तर: व्यवहार रद्द. पार्सल साइटवर नोंदलेल्या पत्त्यावरच जाईल. ईबेवर ७५० डॉलर आणि त्यावरच्या व्यवहाराला पोचवताना सही घेतल्याशिवाय विक्रेत्याला संरक्षण मिळत नाही.

कार्ड बदलून परत पाठवण्याची फसवणूक ग्रेड नसलेल्या कार्डांत होते. त्यावर उपाय म्हणजे पाठवण्याआधी चारही कोपरे आणि एखादी छपाईची वेगळी खूण यांचे जवळून फोटो, आणि बांधणीचा एका दमात घेतलेला व्हिडिओ. स्लॅबचा प्रमाणपत्र क्रमांक त्यात स्पष्ट दिसू द्या.

स्लॅबला पिशवी घाला, बबल रॅप करा आणि खोक्यात पाठवा. बबल लिफाफ्यात स्लॅबचे कोपरे तडकतात, आणि तडकलेल्या स्लॅबमधल्या कार्डाबद्दल ग्राहकाला शंका येतेच.

१२. नोंदी आणि उरलेली कार्डं

प्रत्येक विक्रीची तारीख, रक्कम, कमिशन, टपाल, ग्रेडिंगचं शुल्क एका तक्त्यात ठेवा. अमेरिकेत कर भरत असाल तर वर्षाहून जास्त ठेवलेल्या संग्राह्य वस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कराचा कमाल दर २८ टक्के आहे. वारशानं आलेल्या कार्डांची मूळ किंमत सहसा मालकाच्या निधनाच्या दिवशीची धरली जाते. म्हणून त्या सुमाराच्या विक्रीच्या नोंदी आत्ताच उतरवून ठेवा, नंतर शोधणं कठीण जातं. इतर देशांतल्या नियमांसाठी तिथल्या कर सल्लागाराला विचारा.

शेवटी सामान्य कार्डांचा गठ्ठा उरतो. एकेक विकू नका, टपालातच सगळं जाईल. वर्षानुसार आणि क्रमांकानुसार लावा, २५ ते ५० चे संच करा, प्रत्येक संचात कोणते क्रमांक आहेत ते लिहा आणि पूर्ण गठ्ठ्याचा पुढचा-मागचा फोटो द्या. आपला संच पूर्ण करणारे लोक क्रमांक शोधत असतात. १९५२ टॉप्सचे ३११ च्या पुढचे क्रमांक मात्र या गठ्ठ्यात घालू नका. त्या मालिकेतली सामान्य खेळाडूंची कार्डंही कमी सापडतात, ती वेगळी, एकेक करून विका.